गाडी आपली, हप्ता आपला, मग टायरचं मापही आपल्याला कळायला हवं

(रेडिओवरील बोलणं, मासिकासाठी शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण टायरबद्दल बोलणार आहोत. पिकअप गाडीच्या टायरबद्दल. "टायरचं आम्हाला काय करायचंय, ते ड्रायव्हर बघेल," असं कुणीतरी म्हणेलच. पण गेल्या काही वर्षांत आपल्या कितीतरी गटांनी, गटातल्या कितीतरी बायांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. भाजी बाजारात न्यायला, दूध संकलनाला, पापड-मसाल्याचा माल पोचवायला. हप्ता महिन्याच्या महिन्याला आपण भरतो. इंजिनाखालोखाल गाडीत पैसा खाणारी वस्तू म्हणजे टायर. तेव्हा टायर हा विषय आपलाच आहे.

एका गटानं आम्हाला विचारलेला प्रश्न असा. त्यांची पिकअप पावसाळ्यात पाणंद रस्त्यानं शेतात जाते. चाकोरी खोल झाली आहे, मधला उंचवटा गाडीला खालून घासतो, चिखलात चाक रुततं. गाडी चालवणारा मुलगा म्हणतो, "काकू, पाटे वाढवून गाडी चार इंच उचलू आणि ३१ इंची मोठे टायर टाकू. मग कुठंही अडणार नाही." खर्च गटाच्या खात्यातून व्हायचा आहे. करावा का?

मुलगा आळशी नाही, खोटंही बोलत नाही. त्याची अडचण खरी आहे. म्हणून आम्ही या गोष्टीचा नीट अभ्यास केला, गॅरेजवाल्यांशी बोललो, वही घेऊन आकडेमोड केली. ती आज तुमच्यापुढे मांडतो.

टायरवरचा आकडा कसा वाचायचा

गाडीजवळ गेलात की टायरच्या बाजूला बोट फिरवून बघा. उठावदार अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ २१५/७५ आर १५. बोलेरोसारख्या गाड्यांवर हे माप आपल्याकडे नेहमी दिसतं. ते असं वाचायचं.

पहिला आकडा २१५. ही टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. म्हणजे साडेएकवीस सेंटिमीटर.

दुसरा आकडा ७५. ही उंची नाही, टक्केवारी आहे. रिमच्या कडेपासून जमिनीला टेकणाऱ्या रबरापर्यंत टायरची जी भिंत असते, ती रुंदीच्या किती टक्के आहे ते हा आकडा सांगतो. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिलीमीटर आणि वर थोडं.

'आर' म्हणजे रेडियल, टायर आतून कसा विणला आहे त्याची खूण. आणि शेवटचा १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. मिलीमीटर आणि इंच एकाच ओळीत का, असं वाटेल. पण जगभर तशीच पद्धत पडली आहे.

आता पूर्ण चाकाची उंची काढू. भिंत वरही असते आणि खालीही, म्हणून १६१.२५ ची दुप्पट, ३२२.५. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलीमीटर. दोन्हींची बेरीज ७०३.५ मिलीमीटर. आपलं चाक सत्तर सेंटिमीटरच्या थोडं वर उंच आहे. इंचात पावणेअठ्ठावीसच्या जवळ.

मुलगा म्हणतो त्या टायरवर वेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं असतं. ३१ × १०.५ आर १५. इथं पहिला आकडा सरळ चाकाची उंची, ३१ इंच. दुसरा रुंदी, साडेदहा इंच. तिसरा रिम. ३१ इंच म्हणजे ७८७ मिलीमीटर. आपल्या चाकापेक्षा ८४ मिलीमीटर जास्त, टक्केवारीत जवळजवळ १२.

ही एवढी बेरीज-वजाबाकी आपल्याला जमली, की दुकानात कुणी काहीही सांगू दे, आपण वहीवर पडताळून बघू शकतो.

पोटाखाली खरोखर किती जागा मिळते

चाक ८४ मिलीमीटरनं उंच झालं म्हणजे गाडी ८४ मिलीमीटर वर गेली असं वाटतं. तसं होत नाही. एक्सल चाकाच्या मधोमध असतो. म्हणून गाडी निम्मीच वर जाते, ४२ मिलीमीटर. दोन बोटं धरा.

आता 'गाडी उचलणं' म्हणजे काय ते बघू. पाटे वाढवले, किंवा पाट्याच्या आणि एक्सलच्या मध्ये ठोकळा घातला, की चेसिस आणि हौदा वर जातो. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर. बाहेरून गाडी रुबाबदार दिसते. पण खाली वाकून बघा. मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. चाकोरीतला उंचवटा सगळ्यात आधी घासतो तो याच गोळ्याला. हा गोळा एक्सलवरच असतो, चेसिसला टांगलेला नसतो. पाटे कितीही वाढवा, तो जागचा हलत नाही. त्याला वर उचलतो फक्त टायर.

म्हणजे चार इंच उचलायचे पैसे दिले, तरी ज्या जागी गाडी घासते तिथं मिळाली दोन बोटं, आणि तीसुद्धा टायरमुळं. मग उचलायची कशाला? तर मोठा टायर हौद्याला आणि मडगार्डला घासू नये म्हणून. मोबाईलवर दिसणाऱ्या त्या उंच गाड्यांचं बरंचसं गुपित हेच आहे. आधी टायर मोठा हवा असतो, आणि त्याला जागा करायला गाडी उचलावी लागते.

ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथं पिकअप डोंगरदऱ्यांत हौसेनं फिरवायची मोठी पद्धत आहे. ३१, ३३, ३५ इंच असे टायर सर्रास मिळतात. पण नीट काम करणारे लोक तिथं नुसता टायर बदलून थांबत नाहीत. एक्सलमधले गिअर बदलतात, ब्रेक वाढवतात, मडगार्ड कापतात, स्पीडोमीटर पुन्हा जुळवून घेतात. आइसलँड नावाच्या बर्फाळ देशात तर ३८ ते ४४ इंचांचे टायर लावतात आणि बर्फावर गेल्यावर त्यातली हवा जवळजवळ सगळी काढतात, म्हणजे गाडी बर्फावर पसरट पायांनी चालते, रुतत नाही. रस्त्याला लागले की हवा परत भरतात. त्यांची गरज तशी आहे. आपल्याला कांदा बाजारात न्यायचा आहे.

मोठ्या टायरची किंमत दुकानाबाहेरही मोजावी लागते

टायरचं बिल एकदा दिलं की संपलं असं नाही. वाढलेल्या प्रत्येक इंचाची किंमत गाडी दुसरीकडे वसूल करते.

पहिली किंमत ओढ. जात्याचा खुंटा मध्याच्या जवळ बसवला तर फिरवायला किती जोर लागतो ते आपल्याला माहीत आहे. इंजिन चाकाला मधून फिरवतं. चाक मोठं झालं की तेच इंजिन, तोच गिअर, पण जमिनीवर पोचणारी ओढ कमी होते. १२ टक्के मोठ्या चाकाला ती दहा टक्क्यांहून जास्त घटते. सपाटीवर जाणवत नाही. घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढत होती ती पहिल्यात चढते, क्लच जळतो, डिझेल वाढतं.

दुसरी किंमत ब्रेक. ब्रेक चाकाला मधल्या भागात धरतो आणि जमीन त्याला कडेनं ढकलते. कड जितकी लांब, तितकी ब्रेकला जास्त ताकद लागते. शिवाय मोठा टायर जड असतो, फिरायला लागलेलं जड चाक थांबायला वेळ घेतं. आणखी एक बारीक गोष्ट. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला एक वॉल्व्ह असतो. गाडी भरून खाली बसली की तो ओळखतो, आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. हा वॉल्व्ह पुन्हा जुळवायला लागतो हे गावातल्या प्रत्येक गॅरेजला माहीत असतं असं नाही.

तिसरी किंमत तोल. कमरेवर घागर घेऊन बांधावरून चालणं वेगळं, आणि डोक्यावर तीन हंड्यांची उतरंड घेऊन चालणं वेगळं. वजन तेवढंच असलं तरी ते वर गेलं की तोल जातो. उचललेल्या पिकअपवर वीस क्विंटल नाही, अगदी दहा क्विंटल माल रचला तरी वळणावर ती जास्त झुकते. आपले रस्ते वळणांचे, आणि माल हौद्याच्या वर रचायची आपली सवय.

चौथी किंमत घासाघीस. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की रुंद टायर आत चेसिसला किंवा बाहेर मडगार्डला घासतो. साडेदहा इंची टायरला साधारण ७ ते ९ इंच रुंद रिम लागतो, म्हणजे रिमही नवे घ्यायचे. पाटे वाढवल्यानं प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस लवकर वाजायला लागतात.

पाचवी किंमत आपल्या गटाला सगळ्यात जास्त लागणारी, मीटरची. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं हे त्याला कळत नाही. त्यामुळं काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६७ च्या वेगानं पळत असते. आणि गाडी खरोखर १,००० किलोमीटर चालली तर मीटरवर साधारण ८९३ च दिसतात. आपण गाडी किलोमीटरवर भाड्यानं देतो. समजा दर १५ रुपये आहे, तर १०७ किलोमीटरचे १,६०५ रुपये हजार किलोमीटरमागे आपणच सोडून दिले. कुणी चोरले नाहीत, टायरनं खाल्ले.

आकार मोठा, पण वजन पेलतो का?

मैत्रिणींनो, ही गोष्ट नीट ऐका, कारण अपघात इथं होतो. मापाच्या पुढं टायरवर आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. जसं १००, पुढं एस. तो १०० म्हणजे किलो नव्हे. तो वजनाचा सांकेतिक क्रमांक आहे. १०० क्रमांकाचा टायर ८०० किलो पेलतो. १०४ चा ९०० किलो, १०६ चा ९५० किलो, १०८ चा १,००० किलो, ११२ चा १,१२० किलो. पुढचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं.

आता हिशोब करू. समजा गाडी आणि माल मिळून ३,००० किलो. चार टायरना सारखं वाटलं तर ७५० आलं, म्हणजे १०० क्रमांकाचा टायर पुरेल असं वाटतं. पण पिकअपचा माल मागं असतो. त्या ३,००० पैकी १,९०० मागच्या एक्सलवर आले तर मागच्या प्रत्येक टायरवर ९५० किलो. ८०० किलोचा टायर तिथं कमी पडला. तो लगेच फुटत नाही. तो तापतो. उन्हाळ्याच्या दुपारी, भरलेल्या गाडीत, डांबरी रस्त्यावर, वेगात असताना फुटतो.

दिसायला दणकट, मोठी नक्षी असलेला टायर नेहमी जास्त वजन पेलतोच असं नाही. काही टायर कारसारख्या गाड्यांसाठी बनवलेले असतात आणि काही मालगाडीसाठी. मालगाडीच्या टायरवर बहुधा 'एलटी' ही अक्षरं असतात, कधी '८ पीआर' असं लिहिलेलं असतं. पीआर म्हणजे टायरच्या ताकदीची प्रत. तेव्हा दुकानात जाताना आरसी बुकातलं भरलेल्या गाडीचं वजन लिहून न्या आणि मूळ टायरवरचा वजनाचा क्रमांक लिहून न्या. नव्या टायरचा क्रमांक तेवढा किंवा त्याहून जास्त हवा. कमी असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये कलम ५२ आहे. गाडी कंपनीनं जशी बनवली आणि आरसी बुकात जशी नोंदली, तिच्यात मूळ स्वरूप बदलेल असा फेरफार मालकानं करायचा नाही, असा त्याचा अर्थ. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही गोष्ट स्पष्ट केली. टायर बदलू नये असं कुणी म्हणत नाही. टायर झिजतात, बदलावेच लागतात. कंपनीनं त्याच गाडीसाठी दोन-तीन मापं मंजूर केलेली असतील तर त्यातलं कुठलंही घेता येतं. पण चार इंच उचललेली, मंजूर नसलेल्या मापाचे टायर लावलेली मालगाडी फिटनेसच्या तपासणीत अडू शकते. आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्या फेरफाराकडे बोट दाखवून दावा नाकारू शकते. गाडी गटातल्या बाईच्या नावावर असते. नोटीस तिच्या घरी येते, चालवणाऱ्या मुलाच्या नाही.

याच ओघात एक सांगतो. मालाच्या गाडीत मागं माणसं बसवणं कायद्यात बसत नाही आणि विम्यातही नाही. बाजारला जाताना आपणच बसतो. गाडी उंच केलेली असेल तर धोका दुप्पट.

मग चिखलात करायचं काय?

इथं माती ओळखायला लागते, आणि त्यात आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

माणदेशासारखा माळरानाचा, मुरमाचा, दगडगोट्यांचा भाग असेल तर खरा शत्रू चिखल नसतो, धारदार दगड असतो. तिथं भिंत जाड असलेला, मालगाडीचा मजबूत टायर हवा. कोकणात जांभा दगडाचे उतार, वरून शेवाळ, आणि खाली वळण. तिथं पकड आणि ब्रेक महत्त्वाचे. मराठवाड्यातली, विदर्भातली काळी माती पाऊस पडला की लोण्यासारखी होते आणि टायरच्या खोबणीत घट्ट बसते. खोबणी भरली की टायर गुळगुळीत झाला. तिथं उघडी, खोल, लांब लांब नक्षी लागते, म्हणजे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर तिरके उंच दांडे असतात ते याचसाठी.

दुकानात तीन प्रकार मिळतात. एचटी म्हणजे रस्त्याचा टायर, नक्षी बारीक, आवाज कमी, डांबरीवर जास्त टिकतो. एमटी म्हणजे चिखलाचा टायर, नक्षी मोठी आणि उघडी, चिखलात छान, पण डांबरीवर घूं घूं आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरीवर ब्रेक लावताना कमी धरतो. एटी म्हणजे दोन्हींच्या मधला. आपली गाडी दिवसाला दोन किलोमीटर पाणंदीत आणि चाळीस किलोमीटर डांबरीवर चालत असेल, तर दोन किलोमीटरसाठी एमटी घेणं म्हणजे लग्नातला शालू रोज शेतात नेसण्यासारखं. मूळ मापातच एटी प्रकारचा टायर मिळाला तर बहुतेक गटांना तो पुरतो.

रुंद टायर चांगला की अरुंद? वर चिखल चार बोटं आणि खाली मुरूम असेल, तर अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो आणि पकड घेतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. वाळूत उलटं, तिथं रुंद चांगला. आणि काळ्या मातीत गुडघाभर चिखल असेल तर कुठलाच टायर कामाचा नाही. तिथं भरलेली पिकअप न्यायचीच नाही. बैलगाडीनं किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं माल पक्क्या रस्त्यापर्यंत आणायचा आणि पिकअप तिथं उभी ठेवायची.

हवेचंही असंच. गाडी रुतली की हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते, हे खरं आहे. पण ते रिकाम्या गाडीत, अगदी हळू, तेवढ्यापुरतं. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय माल भरायचा नाही. कमी हवेचा टायर वजनाखाली सारखा दुमडतो, तापतो आणि फाटतो. हवा सकाळी टायर गार असताना तपासायची. किती भरायची ते गाडीच्या दारावरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तकात असतं, रिकाम्या गाडीला वेगळी, भरलेल्या गाडीला वेगळी. टायरवर लिहिलेला हवेचा आकडा ही त्या टायरची वरची मर्यादा असते, तेवढी भरा असं ते सांगत नसतं.

थोडं मोठं माप घेता येतं का?

पुस्तकात मंजुरी असेल तर येतं. त्यातही एक साधा नियम गॅरेजवाले पाळतात. नव्या चाकाची उंची जुन्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त बदलू नये. आपण काही मापं करून बघू. जुनं चाक ७०३.५ मिलीमीटर.

२३५/७० आर १५ ची उंची येते ७१० मिलीमीटर. फरक एक टक्क्याहून कमी. रुंदी वाढली, उंची जवळपास तीच.

२२५/७५ आर १५ ची उंची ७१८.५. फरक दोन टक्क्यांच्या थोडा वर. नियमात बसतं.

२३५/७५ आर १५ ची उंची ७३३.५. फरक चार टक्क्यांहून जास्त, नियमाबाहेर. आणि गाडी वर उठली किती? फक्त १५ मिलीमीटर, एका बोटाहून कमी.

३१ इंची टायर १२ टक्के. ३३ इंची १९ टक्के. हे नियमाच्या कितीतरी बाहेर.

हिशोब तुम्हीही करा. रुंदी गुणिले टक्के, त्याची दुप्पट, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४. दहावीतल्या मुलीला सोबत बसवा, पाच मिनिटांचं काम आहे.

पैशाचा हिशोब

टायरची किंमत दुकानातल्या दरावरून ठरवू नका, किलोमीटरवरून ठरवा. समजा एक टायर ७,००० रुपयांचा आणि ४०,००० किलोमीटर चालतो. चार टायरचे २८,०००, म्हणजे किलोमीटरला ७० पैसे. समजा मोठा चिखलाचा टायर ११,००० चा आणि २५,००० किलोमीटर चालतो. चारचे ४४,०००, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ७६ पैसे. त्यावर रिम, पाटे, मजुरी, डिझेल आणि मीटरवर न दिसणारे किलोमीटर. शिवाय स्टेपनी. पाचवं चाक त्याच मापाचं नसेल तर पंक्चरच्या दिवशी एका बाजूला लहान आणि एका बाजूला मोठं चाक लावून यायचं का? एका एक्सलवर दोन वेगळी मापं लावली की तो गोळा आतून झिजतो. तुमच्या भागातले खरे दर घाला आणि हाच हिशोब मांडा.

आता त्या गटाच्या प्रश्नाचं उत्तर. आमचं मत असं, की गाडी उचलू नये आणि ३१ इंची टायर टाकू नयेत. त्याऐवजी मूळ मापाचे, पुरेशा वजनाच्या क्रमांकाचे एटी टायर घ्यावेत. उरलेल्या पैशाचा विचार पाणंदीसाठी करावा. चाकोरीत दोन-चार ट्रॉल्या मुरूम पडला तर ती वाट सगळ्या गावाला सोपी होते, आणि उंचवटाही घासत नाही. राज्य सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली होती. सध्या पाणंदीसाठी कुठल्या योजनेतून काम घेता येतं, ते ग्रामसभेत उभं राहून विचारा. आणि हे सगळं त्या मुलाला सोबत बसवून, त्याच्यासमोर वही उघडून सांगा. चिखलात गाडी ढकलायला तोच उतरतो, त्याचा मान राखूनच बोलायचं.

पुढच्या बैठकीत

गाडी असलेल्या प्रत्येक गटानं एक पान यासाठी राखून ठेवा. त्यावर लिहा: टायरचं माप, वजनाचा क्रमांक, दारावरच्या चिठ्ठीवरची हवा, टायर बसवल्याची तारीख आणि तेव्हाचं मीटर. टायरवर चार आकड्यांची एक खूण असते, जसं २३२४. याचा अर्थ २०२४ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. तेही लिहा, म्हणजे नवा म्हणून जुना टायर कुणी गळ्यात मारणार नाही. महिन्यातून एकदा खोबणीत बघा. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की नक्षी फक्त १.६ मिलीमीटर उरली, टायर बदलायची वेळ झाली.

आणि टायर घ्यायला जाताना एकट्या मुलाला पाठवू नका. गटातल्या दोघी जणी सोबत जा. वही घेऊन जा. दुकानदार आधी मुलाकडे बघून बोलेल. तुम्ही शांतपणे विचारा, "दादा, याचा वजनाचा नंबर किती? कुठल्या आठवड्यातला आहे?" मग तो तुमच्याकडे बघून बोलायला लागेल.

तुमच्या गाडीचं माप आणि तुमच्या मातीचा प्रकार आम्हाला कळवा. पुढच्या वेळी आपण मालगाडीचा विमा आणि त्यातल्या अटी समजून घेऊ. तोवर नमस्कार.